ओंडक्यांचे घर

घर बांधायचे म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? विटा, वाळू, सिमेंट, लोखंडी सळया आणि भिंतीवर पाणी मारणारा गवंडी. कोकणातल्या मुलांना चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे आठवतील. पण जगात असेही प्रदेश आहेत, जेथे माणसाच्या दारातच जंगल आहे, थंडी हाडे गोठवणारी आहे आणि बांधकामाला वर्षातले जेमतेम तीन-चार महिने मिळतात. तेथील लोक शेकडो वर्षांपासून झाडांच्या ओंडक्यांची घरे बांधत आले आहेत.

ओंडका म्हणजे फांद्या छाटून साफ केलेले झाडाचे खोड. उर्दूत आपण त्याला ‘लठ्ठा’ म्हणतो. असे ओंडके एकावर एक आडवे रचायचे, कोपऱ्यांत एकमेकांत अडकवायचे, की भिंत तयार! ऐकायला हे इतके सोपे वाटते, की सुटीत आपणही एक घर बांधून पाहावे असे कोणालाही वाटेल. पण लाकूड म्हणजे वीट नव्हे. ते पाणी पिते, फुगते, सुकते, आकसते, पिळवटते आणि संधी मिळाली की कुजते. म्हणून असे घर उभे करणे हे अर्धेच काम. ते उभे ठेवणे हे उरलेले अर्धे, आणि ते कधीच संपत नाही.

या घरांचे मूळ युरोपच्या उत्तरेला आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या देशांत पाइन व स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांची दाट जंगले आहेत. सूचिपर्णी म्हणजे सुईसारखी पाने असलेले. ही झाडे सरळ आणि उंच वाढतात. १६३८ साली स्वीडनच्या लोकांनी उत्तर अमेरिकेत डेलावेअर नदीच्या काठी वसाहत केली. त्या वसाहतीत आलेल्या स्वीडिश व फिनिश शेतकऱ्यांनी ओंडक्यांचे घर बांधण्याची विद्या आपल्याबरोबर नेली. पुढे इतरांनीही ती उचलली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा जन्म १८०९ साली केंटकी राज्यात अशाच एका लहान खोपटात झाला.

आपल्या देशातही ही रीत अगदीच अनोळखी नाही. काश्मीरमध्ये देवदाराचे तासलेले ओंडके एक थर आडवा, एक थर उभा असे रचून मोठमोठ्या इमारती बांधल्या गेल्या. श्रीनगरला झेलम नदीच्या काठावरची खानकाह-ए-मुअल्ला तुम्ही चित्रात पाहिली असेल. ती एकाहून अधिक वेळा आगीत सापडली. आज दिसते ती इमारत १७३२ च्या सुमारास पुन्हा बांधलेली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्येही तिच्या शिखराला आग लागली आणि ते नंतर दुरुस्त करावे लागले. लाकडी घराचे दोन मोठे शत्रू आहेत. त्यांपैकी आग हा एक. ती धूर सोडते, भडकते, सगळ्यांना दिसते. दुसरा शत्रू पाणी. तो चोरपावलांनी येतो आणि आत शिरल्यावर वर्षानुवर्षे गप्प बसून काम करतो. या पाठात आपण मुख्यतः या दुसऱ्या शत्रूचा विचार करणार आहोत.

त्यासाठी आपण एका माणसाचे घर पाहू. त्यांचे नाव रिचर्ड प्रेनेकी. त्यांचा जन्म १९१६ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात सुतार होते. युद्धकाळातच त्यांना संधिवाताच्या तापाने गाठले आणि कित्येक महिने रुग्णालयात काढावे लागले. पुढे ते अलास्कात आले. अलास्का हे अमेरिकेचे सर्वांत उत्तरेकडील राज्य. तेथे त्यांनी डिझेल इंजिने दुरुस्त करण्याचे काम केले. काम करताना डोळ्यांना झालेल्या दुखापतीमुळे एकदा दृष्टी जाते की काय, अशी वेळ आली. तेव्हा त्यांनी ठरवले, की डोळे शाबूत आहेत तोवर आपल्याला हवे तसे जगावे.

अलास्कात ट्विन लेक्स नावाची जोडसरोवरे आहेत. तेथे जायला रस्ता नाही. पाण्यावर उतरणारे लहान विमान हेच वाहन. वरच्या सरोवराच्या काठी घर बांधायचे त्यांनी नक्की केले. २१ मे १९६८ रोजी ते तेथे पोहोचले, तेव्हा त्यांचे वय ५२ होते. मदतीला कोणी नव्हते. घर होईपर्यंत राहण्यासाठी एका ओळखीच्या कुटुंबाची जुनी झोपडी तेवढी जवळ होती.

त्यांच्या सामानाची गंमत ऐका. कुऱ्हाड, करवत, पटाशी, गिरमिट, कानस, रंधा अशी सुतारकामाची हत्यारे त्यांच्याजवळ होती. पण विमानात वजन वाढू नये म्हणून बऱ्याच हत्यारांची नुसती पाती आणली होती. दांडे आणलेच नव्हते! ते त्यांनी जंगलातल्या लाकडाचे तेथेच घडवले. (मराठीतला रंधा आणि उर्दूतला रंदा हा एकच शब्द आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच. गिरमिटाला आपण बरमा म्हणतो. तुमच्या घरी किंवा मोहल्ल्यात कोणी सुतारकाम करीत असेल, तर ही हत्यारे हातात घेऊन पाहा. नुसते शब्द पाठ करण्यापेक्षा ते बरे.)

तुम्ही म्हणाल, मे महिन्यात पोहोचल्यावर त्यांनी लगेच झाडे तोडायला सुरुवात केली असेल. तसे नाही. झाडे त्यांनी आदल्या वर्षी, म्हणजे १९६७ च्या उन्हाळ्यातच तोडून ठेवली होती. स्प्रूसचे ओंडके सोलून, म्हणजे त्यांची साल काढून, ते रचून ठेवले आणि हिवाळाभर सुकू दिले. एवढी घाई असताना वर्षभर का थांबायचे? याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण सालीचे. साल आणि लाकूड यांच्यामध्ये ओलावा आणि गोडसर रस असतो. तेथे कीटक अंडी घालतात, बुरशी धरते. साल तशीच ठेवली तर घर देखणे दिसते खरे. पण तिच्याखाली ओल कोंडून राहते आणि लाकूड लवकर खराब होते. उन्हाळ्यात झाडात रस वाहता असतो, त्यामुळे तेव्हा साल सहज सुटते. हिवाळ्यात तीच साल खरवडून काढावी लागते.

दुसरे कारण आकसण्याचे. ताज्या तोडलेल्या लाकडात पुष्कळ पाणी असते. ते सुकले की लाकूड आकसते. परंतु सगळ्या दिशांनी सारखे नाही. ओंडक्याची लांबी जवळजवळ तेवढीच राहते. जाडी मात्र कमी होते. आता विचार करा. भिंतीत ओंडके आडवे ठेवलेले असतात. म्हणजे भिंतीची उंची ही ओंडक्यांच्या जाडीची बेरीज असते. प्रत्येक ओंडका थोडा थोडा आकसला तर काय होईल? संपूर्ण भिंत खाली बसेल! ओल्या ओंडक्यांची आठ फूट उंचीची भिंत सुकता सुकता तीन-चार इंच, कधी त्याहूनही अधिक खाली येते. आधी सुकवलेल्या ओंडक्यांची भिंत कमी बसते, पण बसतेच.

जाणकार कारागीर भिंतीला बसण्यापासून रोखत नाही. तिला बसायला जागा ठेवतो. खिडकीच्या व दाराच्या चौकटीवर तो मुद्दाम काही इंचांची फट सोडतो. तीत कापूस, लोकर किंवा शेवाळ भरतो आणि वरून फळी लावून झाकतो. ही फट सोडली नाही, तर काही वर्षांत भिंत खाली येते, चौकटीवर टेकते आणि दार उघडेनासे होते. काच असेल तर तडकते. घराच्या आत दगडी धुराडे असेल, तर तेही भिंतीला किंवा छपराला घट्ट जखडायचे नसते. दगड काही आकसत नाही. भिंत बसते, धुराडे तसेच उभे राहते आणि घट्ट बांधलेले असेल तर छप्पर त्यावर लटकते. हे वाचताना कदाचित क्षुल्लक वाटेल. पण मला विचाराल तर या कामातले खरे ज्ञान त्या रिकाम्या फटीत आहे.

आता पुन्हा सरोवराच्या काठी जाऊ. प्रेनेकी यांनी आधी जागा साफ केली. वरचे शेवाळ, मुळे आणि कुजलेला पालापाचोळा खणून काढला आणि तेथे सरोवराच्या काठची खडी आणून पसरली. खडीच का? कारण माती पाणी धरून ठेवते, खडीतून ते निथळून जाते. सगळ्यांत खालचा ओंडका मातीला टेकला, तर तो जमिनीतली ओल शोषतो आणि घराची कुजण्याची सुरुवात तळापासून होते. जंगलातली कितीतरी जुनी खोपटी या एका चुकीमुळे जमिनीत विरघळून गेली आहेत. वरचे ओंडके ठणठणीत आणि खालचे दोन भुसभुशीत, असे दृश्य तेथे पुष्कळदा दिसते.

मग भिंती आल्या. घर मोठे नव्हते. आतून साधारण ११ फूट रुंद आणि १५ फूट लांब, म्हणजे तुमच्या वर्गखोलीपेक्षा लहान. कोपऱ्यात दोन ओंडके एकमेकांवर आडवे येतात. तेथे वरच्या ओंडक्याला खाच पाडावी लागते. घोड्याच्या पाठीवर खोगीर बसते ना, तशी ती खाच खालच्या ओंडक्याच्या पाठीवर बसते. म्हणून तिला खोगीर-खाच म्हणता येईल. खोगीर म्हणजे उर्दूतील ज़ीन. एक गोष्ट नीट पाहा. खाच वरच्या ओंडक्याच्या पोटाला असते, खालच्याच्या पाठीला नसते. उलट केले तरी ओंडके अडकतील. पण मग वर तोंड केलेल्या त्या खाचेची वाटी होईल, पावसाचे पाणी तीत साचेल आणि कोपरे आधी कुजतील. पोटाला पाडलेली खाच छत्रीसारखी झाकते. एवढ्याशा फरकावर घराचे आयुष्य पन्नास वर्षे की दहा वर्षे, हे ठरते.

ओंडका झाडाच्या बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असतो. सगळे जाड भाग एकाच बाजूला आले तर भिंत तिरकी होईल. म्हणून एका ओंडक्याचा बुंधा उजवीकडे, तर त्यावरच्याचा डावीकडे, असे आलटून पालटून ठेवतात. ओंडका जागेवर ठेवायचा, खाचेची आखणी करायची, पुन्हा खाली घ्यायचा, कुऱ्हाडीने व पटाशीने खाच कोरायची, पुन्हा ठेवून पाहायचा, जेथे टेकत असेल तेथे अजून थोडे कोरायचे. प्रत्येक ओंडक्याला हेच. एकट्या माणसाने! भिंत जसजशी उंच जाते, तसतसे ओंडके वर चढवणेही अवघड होते. ते दोन तिरक्या वाशांवरून ढकलत वर न्यावे लागतात.

दोन ओंडक्यांमध्ये राहिलेल्या फटी प्रेनेकी यांनी मॉसने भरल्या. मॉस म्हणजे दमट जंगलात जमिनीवर गादीसारखी पसरणारी शेवाळासारखी मऊ वनस्पती. ती फटीत ठासून भरली की वारा अडतो. त्या भागात हिवाळ्यात पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो. (शून्याखाली ४० हा आकडा विज्ञानाच्या तासाला मुद्दाम विचारा. तेथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट ही दोन्ही मापे सारखीच होतात.) अशा थंडीत लाकडाची भिंत फार उपयोगी पडते. लाकडात हवेच्या लाखो बारीक पोकळ्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या विटेतून जाते त्याच्या सुमारे पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीच उष्णता लाकडातून बाहेर जाते. पण फट राहिली तर सगळी जाडी व्यर्थ. बोटभर फटीतून येणारा वारा खोली गार करून टाकतो.

छपराला मध्यभागी आढे आणि त्यावर बारीक खोडांचे थर होते. त्यावर त्यांनी डांबरी कागद आणि प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि सर्वांत वर मॉसच्या जाड लाद्या रचल्या. कित्येकांना वाटते, की प्रेनेकी यांनी आधुनिक जगातली एकही वस्तू घेतली नाही. हे खरे नाही. शेकोटीच्या दगडी बांधकामासाठी त्यांनी सिमेंटही विमानाने मागवले होते. जेथे हाताने चांगले होते तेथे हाताने केले, आणि जेथे पाणी अडवायचे तेथे कारखान्यातला कागद वापरला. मला तरी यात काही कमीपणा वाटत नाही. जुन्या काळी स्कँडिनेव्हियात याच कामासाठी छपरात बर्च झाडाच्या सालीचे थर घालीत. काम तेच, साधन बदलले.

दाराची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बिजागरी, म्हणजे उर्दूतील क़ब्ज़ा, आपण बाजारातून आणतो. ती लोखंडाची किंवा पितळेची असते. प्रेनेकी यांनी दाराच्या बिजागऱ्या लाकडाच्या कोरून केल्या! दारही आडवे दोन भागांचे. वरचा भाग उघडून बाहेर पाहता यावे आणि खालचा बंद ठेवता यावा, असे. कडीही लाकडाचीच. पेट्रोलचे रिकामे चौकोनी डबे कापून त्यांनी भांडी केली. लाकडाचा मोठा चमचा कोरला. अस्वलांपासून अन्न वाचवण्यासाठी उंच खांबांवर एक छोटी कोठी बांधली. हे सर्व होत असताना ते रोज डायरी लिहीत होते आणि तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून स्वतःच्या कामाचे चित्रीकरणही करीत होते. कॅमेरा चालू करायचा, चालत चौकटीत यायचे, काम करायचे, परत जाऊन कॅमेरा बंद करायचा! त्यांच्या या डायऱ्यांवरून सॅम कीथ यांनी लिहिलेले पुस्तक १९७३ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या चित्रफितींमुळेच आज आपल्याला त्या घराचा एकेक ओंडका कसा बसला हे कळते.

हिवाळ्याच्या आत घर झाले. येथे पुष्कळ गोष्टी संपतात. पण घराच्या दृष्टीने ही सुरुवात होती. सोळा महिने राहून ते एकदा घरी जाऊन आले आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे, म्हणजे वयाच्या ८२ व्या वर्षापर्यंत, त्यांचा मुक्काम मुख्यतः तेथेच राहिला. आता असा विचार करा, की हे घर तुमच्या ताब्यात आले आहे. तुम्हांला काय काय करावे लागेल?

पहिल्याच वर्षी तुम्हांला दिसेल, की ओंडके सुकून त्यांना उभ्या भेगा पडल्या आहेत. घाबरू नका. लाकूड सुकताना भेगा पडायच्याच. पण भेगेचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहा. खाली तोंड असलेल्या भेगेतून पाणी गळून जाते, ती तशीच राहिली तरी चालते. वर तोंड असलेली भेग पन्हाळीसारखी पाणी झेलते आणि ओंडक्याच्या पोटात नेते. ती बुजवावी लागते. फटींमधले मॉस सुकून सैल होते, काही पक्षी घरट्यासाठी ओढून नेतात. ते दर वर्षी पुन्हा ठासावे लागते. भिंत बसली की चौकटीवरची फट कमी झालेली दिसेल. तेथील भरण काढून नव्याने भरावे लागेल.

छपराकडे तर सतत लक्ष हवे. मराठीत म्हण आहे, वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही. म्हण वेगळ्या अर्थाने वापरतात, पण सुताराला ती अक्षरशः खरी ठरवावी लागते. आढ्यापासून वळचणीपर्यंत, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपर्यंत, पाणी न अडता यायला हवे आणि भिंतीपासून दूर पडायला हवे. म्हणून ओंडक्यांच्या घराची वळचण भिंतीच्या पुष्कळ बाहेर काढलेली असते. वरून पडलेले पाणी जमिनीवर आपटून उडते आणि खालच्या ओंडक्यांना भिजवते. तेथेही खडी टाकली तर शिंतोडे कमी उडतात. छपरावर बर्फ फार साचला तर खाली लोटावा लागतो. मातीच्या किंवा मॉसच्या छपरावर रोपटी उगवतात. गवत चालेल; पण झाडाचे रोप दिसले की उपटलेच पाहिजे, कारण त्याची मुळे खालचा कागद फाडतात.

घराभोवतीची झुडपे कापून ठेवावी लागतात. झुडपे भिंतीला चिकटली तर वारा खेळत नाही आणि भिंत सुकत नाही. वणवा आला तर तीच झुडपे आग घरापर्यंत आणतात. जळणाची लाकडे भिंतीला टेकून रचण्याचा मोह सर्वांना होतो, हाताशी असतात म्हणून. पण त्यांच्या आडोशाला ओल आणि किडे दोन्ही राहतात. ती थोडी दूर, वेगळ्या छपराखाली रचावीत. धुराडे दर वर्षी साफ करायचे. त्यात साठलेली डांबरासारखी काजळी पेट घेते आणि लाकडी घराला तेवढी ठिणगी पुरे होते.

आणि कुजलेला ओंडका? तो डोळ्यांना नेहमी दिसत नाही. वरून रंग ठीक, आत भुसा. सुतार लोक टोकदार टोच्या किंवा चाकू लाकडात खुपसून पाहतात. चांगल्या लाकडात टोक अडते, कुजलेल्यात सहज आत जाते. हातोडीने ठोकले तरी कळते. निरोगी ओंडका खणखणीत बोलतो आणि कुजका बद्द वाजतो. साधारणपणे लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. म्हणजे लाकूड भिजलेच नाही पाहिजे असे नाही. भिजले तर लवकर सुकले पाहिजे. तरीही एखादा ओंडका गेलाच, तर या बांधणीचा एक मोठा गुण कामी येतो. घराचा कोपरा जॅक लावून, म्हणजे मोटारीचे चाक बदलताना उचलतो तसा, किंचित वर उचलायचा, सडका ओंडका ओढून काढायचा आणि तशाच खाचेचा नवा सरकवायचा. घर पाडावे लागत नाही. युरोपातली कितीतरी जुनी घरे अशीच एकेक ओंडका बदलत शतकानुशतके टिकली आहेत.

हे सर्व वाचून तुम्हांला कोकणातली शाकारणी आठवली असेल. पावसाळ्यापूर्वी, उन्हाळ्यात, कौले उतरवून झाडायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा नीट लावायची. कोकणातल्या वाडीत हे काम एके काळी दर वर्षी घरोघरी चाले आणि आजही कौलारू घर असेल तेथे ते करावेच लागते. ज्या घरात कोणी राहत नाही, ते घर दोन-चार पावसाळ्यांत बसते. कारण एक कौल सरकते, पाणी वाशावर पडते आणि ते पाहायला कोणी नसते.

तुमच्यापैकी काही जण विचारतील, मग आपण इकडे ओंडक्यांची घरे का बांधत नाही? उत्तर साधे आहे. आपल्याकडे वाळवी आहे, अलास्कात ती नाही. आपल्याला थंडी अडवायची नसते, उलट वारा आत घ्यायचा असतो. चार महिन्यांच्या पावसात लाकडाला सुकायला उसंत मिळत नाही. आणि सरळ वाढणारी सूचिपर्णी जंगले आपल्या सह्याद्रीत नाहीत; जी जंगले आहेत ती तोडून घरे बांधण्याइतकी शिल्लकही नाहीत. ज्या भूमीला जे शोभते तेच तेथे बांधावे. प्रेनेकी यांचे घर मुंब्र्याच्या पावसात पंधरा वर्षे टिकले असते की नाही, मला शंका आहे.

प्रेनेकी २००३ साली वारले. १९८० साली त्या परिसराचे लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ४० लाख एकर आहे. आपले घर त्यांनी या उद्यानाच्या हवाली केले. २००७ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याची नोंद झाली. आजही तेथे रस्ता नाही. उन्हाळ्यात लहान विमानांनी प्रवासी येतात, लाकडी बिजागऱ्यांचे ते दार उघडून आत वाकून पाहतात. प्रवासी गेल्यावर उद्यानाची माणसे छपरावरचे मॉस आणि खालचे ओंडके तपासत असतात, कारण हिवाळा पुन्हा यायचा असतो.

स्वाध्याय

१. झाडे तोडल्यावर प्रेनेकी यांनी एक वर्ष का थांबले पाहिजे, हे आपल्या धाकट्या भावाला समजावून सांगत आहात असे समजून पाच-सहा वाक्ये लिहा.

२. खाच ओंडक्याच्या पोटाला का पाडतात? दोन आकृत्या काढून फरक दाखवा.

३. पाठात आलेले हत्यारांचे आणि घराच्या भागांचे मराठी शब्द शोधा. त्यांपुढे उर्दू शब्द लिहा. कोणते शब्द दोन्ही भाषांत सारखे आहेत?

४. तुमच्या शाळेच्या किंवा घराच्या इमारतीत पाणी कोठे साचते, कोठे ओल येते, ते फिरून पाहा. त्याचे कारण काय असावे, याची वर्गात चर्चा करा.